रोमच्या हॉटेलपासून बंदरापर्यंत : गाडी आधी ठरवावी ती कशी

प्रश्न : आम्ही सहा जण, म्हणजे मी, पत्नी, नऊ आणि चौदा वर्षांची दोन मुले, आई (वय ७४) आणि सासूबाई (वय ७८), ३० मे रोजी रोमला पोहोचत आहोत. २ जूनला सायंकाळी पाच वाजता आमची क्रूझ निघते. हॉटेल व्हिया काव्हूर या रस्त्यावर, टर्मिनी स्थानकाजवळ आहे. हॉटेल ते बंदर हा प्रवास आमचा आम्ही करायचा आहे, असे सहल कंपनीने आता कळवले आहे. कागदावर बंदराचे नाव ‘रोम’ असेच असल्यामुळे तिथे गेल्यावर टॅक्सी करू, असे माझे मत आहे. गाडी इथूनच ठरवावी, असा पत्नीचा आग्रह आहे. आपला सल्ला काय?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : आपल्या पत्नीचे म्हणणे बरोबर आहे आणि त्याचे पहिले कारण आपल्या कागदावरील त्या एका नावातच आहे. क्रूझ कंपन्या ज्याला ‘रोम’ म्हणतात ते बंदर चिवितावेक्किया या वेगळ्या गावात, रोमच्या वायव्येस सुमारे ७० ते ८० किलोमीटरवर आहे. दुसऱ्या शतकाच्या आरंभी सम्राट त्रायानने बांधून घेतलेले हे बंदर आज भूमध्य समुद्रातील अतिशय वर्दळीच्या क्रूझ बंदरांपैकी एक आहे. अंतराची कल्पना यावी म्हणून सांगते : मुंबईहून लोणावळ्याला जाण्याइतका हा प्रवास आहे. रस्ता मोकळा असेल तर तासाभरात, नसेल तर दीड तासात किंवा त्याहून उशिरा गाडी पोहोचते.

रोममधील अधिकृत टॅक्सी पांढऱ्या रंगाची असते. तिच्या छपरावर पाटी आणि दारावर परवाना क्रमांक असतो. ती थांब्यावरून घ्यावी लागते किंवा फोन करून बोलवावी लागते. नेहमीच्या टॅक्सीत चार माणसे बसतात, त्यामुळे आपल्याला दोन टॅक्सी कराव्या लागतील, आणि शहराबाहेरच्या एवढ्या लांबच्या भाड्याचा आकडा ऐन वेळी ऐकणे कोणालाच सुखाचे नसते. आपल्याला हवी आहे ती इटलीत ‘एनसीसी’ या तीन अक्षरांनी ओळखली जाणारी सेवा, म्हणजे चालकासह भाड्याने मिळणारी परवानाधारक गाडी. १९९२ च्या कायद्यानुसार ही गाडी रस्त्यावर उभी राहून गिऱ्हाईक घेऊ शकत नाही. ती आधी ठरवावीच लागते. टर्मिनीच्या आवारात ‘टॅक्सी, टॅक्सी’ म्हणत जवळ येणाऱ्या माणसाबरोबर म्हणूनच जाऊ नये.

आता गाडीचा आकार. इटलीत साध्या परवान्यावर चालवता येणारी मोठ्यात मोठी प्रवासी गाडी चालक धरून नऊ आसनांची असते, म्हणजे प्रवासी आठ. आपण सहा आहात म्हणून ही गाडी पुरेल. मात्र आठ आसनांची गाडी म्हणजे आठ माणसे अधिक आठ मोठ्या बॅगा, असा अर्थ मुळीच नाही. सगळी आसने भरली की मागे सामानाला जागा फार थोडी उरते. त्यामुळे माणसांबरोबरच मोठ्या बॅगा किती, हातातल्या किती आणि घडीची व्हीलचेअर आहे की नाही, हे नग मोजून कळवावे. दुसरे असे की, या गाड्यांची पायरी बरीच उंच असते. सासूबाई साडी नेसत असतील, गुडघे दुखत असतील, तर चालकाने पायाखाली ठेवायचे छोटे स्टूल आणावे असे आधीच सांगून ठेवा. बरेच चालक ते बाळगतात, पण गृहीत धरू नये. नऊ वर्षांच्या मुलासाठी बैठक हवी असल्यास तीही आताच मागावी. इटलीत दीड मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांसाठी योग्य बैठकीचा नियम आहे. भाड्याच्या गाड्यांना काही प्रसंगी त्यातून सूट असली, तरी महामार्गावर मूल बैठकीत बसलेले असावे, असे मला वाटते.

गाडीवाल्याला पाठवायचा निरोप एकदाच, पण पूर्ण पाठवावा. त्यात हॉटेलचे नाव आणि घरक्रमांकासह पत्ता, जहाजाचे पूर्ण नाव, क्रूझ कंपनी, जहाज सुटण्याची वेळ, माणसे आणि सामान, आणि एकूण रक्कम किती व तिच्यात टोल, वाट पाहण्याचा वेळ आणि कर धरलेले आहेत का, हे सारे यावे. जहाजाचे नाव मी मुद्दाम सांगते आहे. चिवितावेक्कियाचे बंदर मोठे आहे; जहाजे वेगवेगळ्या धक्क्यांना लागतात आणि एका धक्क्याहून दुसऱ्याला सामान ओढत चालत जाणे शक्य नसते. आपले जहाज कुठे लागणार, हे चालक त्या दिवशी पाहू शकतो, पण त्याला नाव ठाऊक असेल तरच. ‘टर्मिनलच्या दाराशी सोडणार, की लार्गो देल्ला पाचेला?’ हाही प्रश्न विचारावा. लार्गो देल्ला पाचे हे बंदराच्या प्रवेशापाशी असलेले प्रवासी केंद्र असून तिथून धक्क्यापर्यंत बंदराच्या बस जातात. दोन वृद्ध व्यक्ती बरोबर असताना हा मधला चढउतार टाळलेला बरा. तारीख लिहिताना महिना अक्षरांत लिहावा. अमेरिकी क्रूझ कंपनीच्या कागदांवर महिना आधी आणि दिवस नंतर असतो. इटालियन माणूस आपल्यासारखाच दिवस आधी वाचतो. ‘०६/०२’ हे आकडे पाहून तो सहा फेब्रुवारी समजेल.

आपल्या बाबतीत तारखेचा याहून मोठा मुद्दा आहे. २ जून हा इटलीचा प्रजासत्ताक दिन. १९४६ मध्ये याच दिवशी झालेल्या सार्वमतात इटालियन जनतेने राजेशाहीऐवजी प्रजासत्ताक निवडले. त्या सकाळी रोममध्ये लष्करी संचलन होते ते व्हिया देई फोरी इम्पेरियाली या रस्त्यावर, आणि आपला व्हिया काव्हूर नेमका त्याच रस्त्याला जाऊन मिळतो. संचलनासाठी कोलोसियम आणि परिसरातील रस्ते वाहनांना बंद असतात. आपले हॉटेल टर्मिनीच्या टोकाला असेल तर गाडी बहुधा दारापर्यंत येईल. उतारावर, फोरीच्या बाजूला असेल तर येणार नाही. म्हणून गाडीवाल्याला आताच लिहा की दिवस २ जूनचा आहे, गाडी कुठे उभी राहील ते ठरवून कळवा. सांता मारिया माज्जोरे हे मोठे चर्च जवळच आहे आणि चालकाला तिथे थांबणे सोयीचे पडू शकते. पण ठिकाण त्याने सांगावे, आपण सुचवावे. हॉटेलच्या स्वागतकक्षातही आदल्या संध्याकाळी विचारून घ्यावे.

वेळेविषयी माझे मत ठाम आहे. जहाज पाचला सुटते याचा अर्थ पाचपर्यंत पोहोचायचे असा नाही. चढण्याची नोंदणी जहाज सुटण्याच्या तास-दीड तास आधीच बंद होते; नेमकी वेळ आपल्या कागदांवर असेल. हॉटेल सोडण्याची वेळ साधारण दहा-अकराची असते, तेव्हा साडेदहाला गाडीत बसावे आणि बारा-साडेबारापर्यंत बंदरात असावे. बॅगा टर्मिनलवर हमालांच्या स्वाधीन केल्या की हात मोकळे होतात आणि दुपारचे जेवण जहाजावर मिळते. मोटारमार्ग ए-१२ वर अपघात झाला तर चालक जुन्या आउरेलिया रस्त्याने वळतो, आणि सुट्टीच्या दिवशी रोमकर त्याच किनाऱ्यावर, फ्रेजेने, लादिस्पोली, सांता मारिनेल्लाला, समुद्रस्नानासाठी निघालेले असतात. पदरी दोन तास जास्त असले, तर या गर्दीचा घोर लागत नाही.

साडेदहाला गाडीत बसायचे तर बॅगा दहाला खाली असायला हव्यात. हे मी अनुभवावरून लिहिते आहे. काही वर्षांपूर्वी टर्मिनीजवळच आम्ही उतरलो होतो. ते हॉटेल म्हणजे जुन्या इमारतीचा चौथा मजला होता, खाली दारावर तळहाताएवढी पितळी पाटी. लिफ्ट लोखंडी जाळीची. आधी बाहेरचे दार ओढायचे, मग आतली लाकडी झडप जोडून घ्यायची, तेव्हा कुठे ती हलायची. एका फेरीत एक माणूस आणि दोन बॅगा. आम्ही पाच जण होतो. चौथ्या फेरीला कोणीतरी झडप नीट लावली नाही आणि लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबून राहिली. खाली चालक घड्याळ पाहत होता, आणि वर माझी नणंद हॉटेलचा शहर-कर भरण्यासाठी सुटे युरो शोधत होती. निघायला चाळीस मिनिटे उशीर झाला. रोममध्ये हा कर माणशी, रात्रीगणिक, बहुधा हॉटेलवरच वेगळा भरावा लागतो. तो आदल्या रात्रीच चुकता करा आणि तिजोरीत ठेवलेले पासपोर्ट त्याच वेळी काढून घ्या. मोठ्या बॅगेत पासपोर्ट किंवा औषधे ठेवू नयेत, कारण हमालाच्या हाती दिलेली बॅग खोलीत पोहोचेपर्यंत संध्याकाळ होऊ शकते.

प्रश्न : रोममधील एका गाडीवाल्याने व्हॉट्सॲपवर १८० युरो सांगितले असून पूर्ण रक्कम आधी मागितली आहे. ही रक्कम योग्य आहे का? पैसे पाठवूनही गाडी आलीच नाही तर?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : रक्कम अवाजवी नाही. चार माणसांच्या गाडीला दीडशेच्या आसपास आणि मोठ्या गाडीला दोनशेच्या आसपास युरो सांगितले जातात. आक्षेप आहे तो पूर्ण रकमेला. विसार म्हणून थोडी रक्कम देणे रास्त आहे, आणि तीही कार्डाने द्यावी, म्हणजे तक्रार करायची वेळ आली तर बँकेकडे दाद मागता येते; कोणाच्या व्यक्तिगत खात्यावर थेट पैसे पाठवू नयेत. उरलेली रक्कम चालकाला उतरल्यावर द्यावी आणि पावती मागावी. व्यवसाय खरा आहे की नाही, हे पाहण्याची एक साधी रीत म्हणजे त्याचा ‘पार्तिता इव्हा’ विचारणे. हा इटलीतील अकरा अंकी करक्रमांक असतो. नियमित व्यवसाय करणारा तो लगेच देतो, त्याच्या बिलावर आणि संकेतस्थळावर तो असतोच. जो टाळाटाळ करतो त्याला सोडून द्यावे.

गाडी आलीच नाही तर काय, याचे उत्तर आदल्या दिवशीच तयार हवे. आदल्या संध्याकाळी चालकाचे नाव, त्याचा मोबाइल क्रमांक आणि गाडीचा क्रमांक मागवून घ्या. तो मिळाला नाही तर त्याच रात्री हॉटेलला दुसरी गाडी सांगून ठेवा. हॉटेलमार्फत ठरवलेली गाडी थोडी महाग पडते, कारण हॉटेलचे त्यात काही असते. पण गाडी आली नाही तर काउंटरवरचा माणूस समोर उभा असतो आणि तोच दुसरी बोलावतो. घरात वृद्ध किंवा आजारी माणूस असेल तर मी ते जास्तीचे पैसे आनंदाने देईन. ठरल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांत चालकाचा फोन लागला नाही, तर वाट पाहत बसू नये.

प्रश्न : आम्ही दोघेच आहोत, दोघांचीही वये पन्नाशीच्या आत. प्रत्येकी एक बॅग. आमच्यासाठीही खास गाडी आवश्यक आहे का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. टर्मिनीहून चिवितावेक्कियाला प्रादेशिक रेल्वे जाते, सव्वा तासाच्या आसपास लागतो आणि तिकीट पाच युरोंच्या जवळपास असते. व्हॅटिकनच्या बाजूला उतरला असाल तर सान पिएत्रो स्थानकावरही ही गाडी मिळते. टर्मिनीत या गाड्यांचे फलाट मुख्य दर्शनी भागापासून बरेच आत असतात. चालायला दहा मिनिटे धरा. कागदी तिकीट असेल तर चढण्यापूर्वी फलाटावरील यंत्रात छापून घ्यावे, नाहीतर दंड होतो. चिवितावेक्किया स्थानकावरून आधी लार्गो देल्ला पाचे आणि तिथून धक्क्याची बस. फक्त संपाची तारीख आधी पाहावी : इटलीत रेल्वेचे संप आधी जाहीर करून होतात. कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ आणि सायंकाळी सहा ते नऊ या वेळांत काही गाड्या सोडणे रेल्वेला बंधनकारक असते, पण आपली वेळ बहुधा या दोहोंच्या मध्येच येते. संप निघाला तर रेल्वेचा हट्ट सोडून गाडी ठरवावी.

प्रश्न : क्रूझ संपल्यावर चिवितावेक्कियाहून थेट फ्युमिचिनो विमानतळावर जायचे आहे. विमान सकाळी साडेअकराचे आहे. जमेल का?
– एक वाचक, दुबई

उत्तर : जमू शकेल, पण मी असे आरक्षण करणार नाही. जहाज पहाटे लागले तरी प्रवासी गटागटाने उतरवले जातात आणि बॅगा टर्मिनलमध्ये शोधून घ्याव्या लागतात. साडेआठला गाडीत बसलात तरी विमानतळ तासाभरावर आहे आणि आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी पोहोचावे लागते. विमान दुपारी एकनंतरचे घेता आले तर घ्यावे. ते बदलणे शक्य नसेल तर स्वतःचे सामान स्वतः घेऊन आधी उतरण्याची सोय आहे का, हे जहाजाच्या स्वागतकक्षात पहिल्याच दिवशी विचारावे. गाडीची वेळ ठरवताना जहाज लागण्याची वेळ देऊ नये, उतरण्याची द्यावी. चालकाशी संपर्क जहाज धक्क्याला लागून किनाऱ्याचे नेटवर्क आल्यावरच करावा. भर समुद्रात मोबाइल जहाजाच्या उपग्रह-जाळ्याशी जोडला गेला तर बिल भरमसाट येते, म्हणून तोपर्यंत फोन विमान-स्थितीत ठेवावा. आणि आदल्या रात्री बॅगा खोलीबाहेर ठेवायच्या असतात, तेव्हा सकाळी घालायचे कपडे आणि बूट बाहेर काढून ठेवायला विसरू नका.