वाळवंटात सहल आहे, पाठवू का?

प्रश्न : आम्ही दीड वर्षापूर्वी पुण्याहून अरिझोनात, चँडलरला आलो. मुलगा चौथीत आहे. मार्चमध्ये शाळेची सहल वाळवंटातल्या निसर्गकेंद्रात जाणार आहे, चार तास सगळं उघड्यावर. परवानगीच्या कागदावर साप, विंचू, काटे, ऊन असं सगळं लिहून खाली सही मागितली आहे. हात धजत नाही. सासूबाई म्हणतात, त्यापेक्षा त्या दिवशी घरी ठेव. तुम्ही अशाच केंद्रात जाता म्हणून विचारते.
— एक आई

उत्तर : सही करा. तो कागद वकिलाच्या भाषेतला असतो, त्यामुळे अख्खं वाळवंट एकदम अंगावर येतं. टूसॉनजवळच्या एका केंद्रात मी नऊ वर्षं आठवड्यातून दोन सकाळी मुलांच्या तुकड्या घेऊन पायवाटेवर जाते. माझ्या तुकडीत आजवर कुणाला साप चावलेला नाही की विंचवाने नांगी मारलेली नाही. काटे मात्र रोज टोचतात.

त्यातही चोया. स्पेलिंगमध्ये दोन एल असले तरी म्हणायचं चोया. हा निवडुंग उडी मारतो अशी मुलांची खात्री असते. उडीबिडी काही नाही, त्याची कांडी इतकी सैल असतात की नुसता बूट घासला तरी सुटून चिकटतात. मुलगा हाताने काढायला जातो आणि मग हातही अडकतो. मी खिशातून कंगवा काढते, काट्यांच्या आत सरकवते आणि झटका देते. कांडं लांब जाऊन पडतं, सगळे ओरडतात, आणि त्यानंतर तुकडी आपोआप वाटेच्या मधून चालू लागते.

तुम्हाला साप-विंचवांची भीती आहे, मला पाण्याची. मागे एका शाळेची बस एप्रिलमध्ये अकराला पोचली, आणि निम्म्या मुलांच्या बाटल्या बसमध्येच रिकाम्या झालेल्या. अर्ध्या वाटेवरून परत फिरलो. मुलाला दोन बाटल्या द्या, टोपी द्या आणि बंद बूट घाला. जाळीचे बूट नकोत, काटा आरपार जातो.

सापांचंही सांगते, लपवून उपयोग नाही. अरिझोनात खुळखुळ्या सापाच्या तेरा जाती आहेत, आणि ऊन चढू लागलं की ते दिसतातही. म्हणून नियम एकच : डोळ्यांना दिसत नाही तिथे हात-पाय घालायचा नाही. दगड उलटायचा नाही, बिळात काठी खुपसायची नाही. झाडावर चढणारा इथला फिकट विंचू लहान मुलाला खरोखर जड जाऊ शकतो, त्याने नांगी मारली तर वाट न पाहता डॉक्टरच गाठायचा. पण तो रात्री फिरणारा. केंद्रात तो पेटीत ठेवलेला असतो, अतिनील टॉर्च टाकला की हिरवट-निळा चमकतो. सहलीतलं मुलांचं सगळ्यात आवडतं पाच मिनिटांचं काम तेच.

माझं आवडतं वेगळं आहे. क्रिओसोट नावाचं एक साधंच झुडूप आहे. त्याची पानं न तोडता ओंजळीत धरायची, त्यावर तोंडाने वाफ सोडायची आणि वास घ्यायचा. पावसाचा वास येतो. इथे पहिला पाऊस पडला की सगळ्या गावाला हाच वास सुटतो. मी मूळची सांगोल्याची, दुष्काळी भागातली, पहिल्या पावसाचा वास मला कुणी शिकवायला नको. तरी पहिल्यांदा ती ओंजळ नाकाशी नेली तेव्हा मी गप्पच झाले होते.

आणि सवारो, इथला खांबासारखा उंच निवडुंग. लिहिताना त्यात ‘ग’ असतो, बोलताना नाही. तो पहिल्या आठ वर्षांत जेमतेम दोन-चार सेंटिमीटर वाढतो, म्हणजे तुमच्या मुलाच्या वयाचा सवारो बोटाच्या पेराएवढा. तो शोधायचा कुठे, तर पालो व्हर्डेसारख्या झाडाच्या सावलीत, त्याच्या आडोशाने तो वाढतो. फांदी फुटायला पन्नास-पंचाहत्तर वर्षं. मुलं फांद्या असलेल्या सवारोकडे बघतात आणि आपल्या आजी-आजोबांची वयं मोजू लागतात.

कासव दिसलं तर कुणी उचलायचं नाही. वाळवंटी कासव मूत्राशयात पाणी साठवतं. घाबरलं की ते सोडून देतं, आणि पुढचा पाऊस लांब असेल तर जिवावर बेततं. हे एकदा सांगितलं की मुलं हात पाठीमागे बांधून उभी राहतात. ओरडावं लागत नाही.

एक विनंती. आदल्या रात्री त्याला माहितीपट दाखवून तयार करू नका. सगळं पाठ करून आलेली मुलं माझ्याकडे बघतात, जमिनीकडे नाही.

आणि चौथीत आहे ना? मग राष्ट्रीय उद्यानांचा मोफत पास काढा, इथे चौथीच्या मुलांसाठी तो असतो. टूसॉनच्या दोन्ही बाजूंना सवारो राष्ट्रीय उद्यान आहे. सासूबाईंनाही न्या.

प्रश्न : मी मिरजेहून लेकीकडे आले आहे. नातीच्या वर्गाबरोबर अशाच सहलीला मदतनीस म्हणून जाता येईल का? मी नऊवारी नाही, साधी गोल साडी नेसते.
— एक आजी

उत्तर : जरूर जा, मात्र शाळेत नाव आधी द्यावं लागतं, लेकीला आजच विचारायला सांगा. साडी चालेल, घोट्याच्या वर खोचून घ्या. चप्पल चालणार नाही. फड्या निवडुंग दिसला की गावाकडची आठवण येईल, तो आपल्याकडे गेला तो याच खंडातून. पण लालबुंद बोंडाला हात लावू नका, त्याची बारीक कुसळं चार दिवस निघत नाहीत. पर्समध्ये कंगवा ठेवा. फणी नको, तिचे दात बारीक, चोयाचा काटा त्यात अडकून बसतो.