गिझर, आहुती आणि उडालेला फ्यूज

प्रश्न असा आला आहे: ‘आइसलंडला जाऊन आलेली मैत्रीण तिथल्या गरम पाण्याच्या उंच फवाऱ्यालाही गिझर म्हणते. न्हाणीघरातल्या यंत्राचं नाव त्या फवाऱ्याला कसं काय मिळालं? आणि लिहायचं काय, गिझर की गायझर?’

उलटं आहे हो. फवाऱ्याचं नाव यंत्राला मिळालं. पण आधी माझी तक्रार ऐका. ‘गरम पाण्याचा गिझर’ असं सोसायटीच्या सूचनाफलकापर्यंत सगळीकडे लिहिलेलं असतं. थंड पाण्याचा कुणी पाहिलाय?

आइसलंडच्या हाउकादालुर खोऱ्यात एक उकळतं कुंड आहे, त्याचं नाव गेइसिर. विशेषनाम, आपल्या गंगेसारखं. ते पूर्वी खूप उंच उसळायचं, आता बहुतेक झोपलेलं असतं. ‘गेइसा’ म्हणजे जोरानं उसळणं, त्यावरून हे नाव. इंग्रजांनी ते सगळ्याच उसळत्या झऱ्यांना चिकटवलं. पुढे १८६८ मध्ये लंडनच्या बेंजामिन वॉडी मॉगन यांनी वाहतं पाणी गॅसवर तापवणारं यंत्र काढलं आणि त्याला ‘गीझर’ म्हटलं. ते यंत्र नि हा उच्चार दोन्ही इंग्रजांबरोबर आपल्याकडे आले. म्हणजे आपला गॅस गिझर मूळ कल्पनेच्या जास्त जवळचा. भिंतीवरची पंधरा लिटरची टाकी म्हणजे खरं तर विजेवरचा बंब.

बहुतेक कोश ‘उसळणारा’ एवढा अर्थ देऊन मिटतात. गंमत त्याच्या पुढे आहे. ‘गेइसा’ आणि त्याचं भावंड ‘ग्योसा’ यांच्या मुळाशी ‘ओतणे’ अर्थाचा एक फार जुना धातू आहे, आणि संस्कृतात तोच ‘हु’ होऊन बसलाय: जुहोति, होम, हवन, आहुती. ग आणि ह जुळत कसे नाहीत? हंसाला आइसलंडात काय शोधाल? ‘गाइस’ सापडेल, अर्थ बदक-हंसाच्या जातीतला. संस्कृतात ‘ह्यः’ म्हणजे काल, तिकडे ‘गाइर’. जुळतात, आणि नियमानं जुळतात. मात्र ‘म्हणजे गिझर संस्कृतातून गेला’ असं म्हणणाऱ्यांनी कृपया थांबावं. ही आई-लेक नव्हे, चुलत बहिणी. आणि होम-हवनाशी आवाज जुळतो म्हणून होळीला यात ओढू नका, ती ‘होलाका’ या वेगळ्या संस्कृत शब्दाची.

लॅटिनमध्ये त्याच धातूचं ‘फुन्देरे’ झालं, ओतणे आणि वितळवणे. त्यावरून परत ओतणे म्हणजे रिफंड, आणि वितळणारी तार म्हणजे फ्यूज. गिझर लावला आणि फ्यूज उडाला, तर घरातल्या घरात भाऊबंदकी झाली असं समजा.

आता माझं आवडतं. आइसलंडात देवाला ‘ग्वुद’ म्हणतात, इंग्रजीत गॉड. याची व्युत्पत्ती शब्दशः ऱ्हस्व-दीर्घाचा वाद आहे! कोशकारांचा एक मोठा गट म्हणतो, हा शब्द ‘हूत’चा सोयरा, म्हणजे ज्याला हाक मारली तो, इंद्र ‘पुरुहूत’ तसा. दुसरा गट म्हणतो, ‘हुत’चा, ज्याच्यासाठी ओतलं तो. मी दुसऱ्या गटात. इंग्रजी, आइसलंडी वगैरे जर्मानिक भाषांतल्या या शब्दात उकार ऱ्हस्व आहे, मग दीर्घ ‘हूत’ कशाला? पहिल्या गटाचं उत्तर: तो पूर्वी दीर्घ होता, नंतर आखूड झाला. सोयीचं आहे! आपल्या शाळेत असं उत्तर देऊन कुणाला मार्क मिळाले नाहीत. माझं खरं असेल तर देव आणि गिझर एकाच धातूतून निघाले, आणि हिवाळ्यात सकाळी सहा वाजता हे मला पूर्ण पटतं.

असो, प्रश्न. आइसलंडचे लोक स्वतः अशा झऱ्याला सहसा ‘गोसक्वेर’ म्हणतात, उसळता उकळझरा. जगाला शब्द देऊन स्वतः दुसरा वापरतात. तिथली दहापैकी नऊ घरं जमिनीतल्या उष्णतेवर ऊबदार राहतात, रेक्याविकच्या नळाला गरम पाणी थेट येतं, त्यामुळे न्हाणीघरात गिझरची गरजही नाही. शनिवारला ते ‘लॉय्गारदागुर’ म्हणतात, अंघोळीचा वार. मैत्रिणीनं पाहिलेला फवारा बहुधा गेइसिरच्या शेजारचा ‘स्त्रोक्कुर’ असणार, तोच दर काही मिनिटांनी उडतो. स्त्रोक्कुर म्हणजे लोणी काढायचं घुसळणीचं भांडं. कुंडातलं पाणी उडण्याआधी फुगतं, ते पाहून ज्यानं हे नाव ठेवलं त्याच्या घरी ताक होत असणार.

यंत्राला गिझर लिहा, तेच रुळलंय. ‘गायझर’ अमेरिकेतला उच्चार. तिकडून आलेल्यांनी आपल्याला सुधारू नये. मूळ आइसलंडीत तर ‘स’चा ‘झ’ होतच नाही, तेव्हा दोघेही चूक. आणि झऱ्यासाठी कोकणाकडे बघा: राजापूरजवळचं उन्हाळे, दापोलीकडचं उन्हवरे, ही गावं गरम पाण्याच्या झऱ्यांवरूनच नाव घेऊन बसलीत. मी ‘उसळतं उन्हाळं’ लिहितो. संपादक दर वेळी ते कापून ‘गरम पाण्याचा गिझर’ करतात.