वेताळ टेकडीवरचा शिक्रा

पुण्याच्या वेताळ टेकडीवर शिक्रा, म्हणजे तो लहान शिकारी पक्षी, दिसला म्हणतेस. वहीत आधी दिसलं तेवढंच लिही: राखाडी पाठ, छातीवर तांबूस रेघा, शेपटीवर आडवे पट्टे. नाव नंतर. कारण पावशा, हा कोकिळेच्या कुळातला पक्षीही तसाच दिसतो, उडतोही तसाच. लहान पक्षीसुद्धा त्याला शिकारी समजून बिचकतात. (सातभाईंच्या घरट्यात अंडी घालणाऱ्याला हे सोंग सोयीचंच.) म्हणून चोच बघ. शिक्र्याची आकड्यासारखी वाकलेली, पावशाची बरीचशी सरळ. नख्याही बघ, शिकाऱ्याच्या अणकुचीदार आणि बाकदार असतात. पावसाच्या तोंडावर त्याच फांदीवरून ‘पेरते व्हा’ ऐकू आलं, तर प्रश्नच मिटला, तो पावशा. आणि सोबतचे सगळे शिक्रा म्हणाले, तरी तुला चोच दिसली नसेल तर नावापुढे प्रश्नचिन्ह राहू दे. मला अशी नोंद फार मोलाची वाटते. उद्या सकाळी पुन्हा जा, ऊन पाठीशी राहील अशा बाजूने.