स्टँडअप कॉमेडीच्या जुन्या एलपी, म्हणजे त्या मोठ्या काळ्या तबकड्या, कोणी का जमवतं? एकदा ऐकलेला जोक परत काय ऐकायचा?

तुम्ही लिहिलंय की नोकरीसाठी पणजीला आलात, वडिलांचा टर्नटेबल सोबत आणलाय, इंग्लिश स्टँडअपची आवड आहे, आणि लोक जुन्या कॉमेडी रेकॉर्ड जमवतात हे वाचून तुम्हाला नवल वाटलं, कारण गाणं शंभरदा ऐकता येतं पण जोक एकदा कळला की संपला. शिवाय सगळं यूट्यूबवर आहेच. आणि जमवायच्याच तर सुरुवात कुठून करू आणि गोव्यात मिळतात का, हेही विचारलंय. मी फोंड्याची, गेली नऊ-दहा वर्षं हेच करतेय, तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

आधी तो जोक संपतो का तेच बघू. तुमच्या घरी पुलंच्या कॅसेट होत्या का? आमच्याकडे होत्या, 'म्हैस' आणि 'अंतू बर्वा', दर मे महिन्यात मामेभावंडं आली की रात्री जेवणं आटपल्यावर पडवीत टेप लागायचा आणि सगळ्यांना सगळं पाठ, आजी तर पुलंच्या अर्धा सेकंद आधी वाक्य म्हणून मोकळी व्हायची, तरी आम्ही बरोब्बर त्याच जागांवर हसायचो. एसटीने म्हैस उडवली हे काय आम्हाला नव्याने कळत होतं? पण पुल कुठे थांबतात, कुठल्या माणसाचा आवाज काढताना नाकात बोलतात, कुठे आवाज खाली आणतात, त्याची वाट बघण्यात मजा होती. आणि अंतू बर्व्याच्या शेवटी जे घशात दाटतं ते तर येणार हे माहीत असल्यामुळे जास्तच दाटतं. मराठी माणसाला हे वेगळं समजवायला नको खरं तर, आपण सगळे कथाकथनाच्या कॅसेट झिजवूनच मोठे झालोय. एलपीचं तेच, फक्त माणसं दुसरी आणि गाव दुसरं.

माझी पहिली कॉमेडी एलपी मडगावच्या एका घरातून आली. मैत्रिणीचे काका बोटीवर होते, तारवटी, पोरं सगळी परदेशी, घर रिकामं करायला काढलं होतं आणि माडीवर एक लाकडी पेटी भरून रेकॉर्ड. मी गाण्यांच्या शोधात गेले होते. मध्येच एक कव्हर निघालं, वाळवीने एक कोपरा खाल्लेला, सूट घातलेला साधा ऑफिसातल्या कारकुनासारखा माणूस: 'द बटन-डाउन माइंड ऑफ बॉब न्यूहार्ट', १९६०. तेव्हा मला नावही माहीत नव्हतं. मैत्रीण म्हणाली ही नुसती बडबडीची आहे, फुकट ने.

हा न्यूहार्ट आधी अकाउंटंट होता. ऑफिसात वेळ जात नाही म्हणून एका मित्राला फोन करून दोघं काहीबाही रचायचे, त्यातून त्याचे हे फोनचे प्रकार तयार झाले. नाइटक्लबमध्ये त्याने त्याआधी कधी कार्यक्रमच केला नव्हता, पहिल्यांदा उभा राहिला तो ह्यूस्टनच्या एका क्लबमध्ये आणि तेच रेकॉर्ड करून वॉर्नर या रेकॉर्ड कंपनीने बाजारात आणलं. ही एलपी अमेरिकेच्या खपाच्या यादीत एक नंबरला गेली आणि १९६१ साली ग्रॅमीत 'अल्बम ऑफ द इयर' ठरली, स्पर्धेत फ्रँक सिनात्रा आणि नॅट किंग कोल हे गायक होते बघा! कॉमेडीच्या अल्बमला तो मान पहिल्यांदाच मिळाला.

त्याची कमाल काय तर फोनवरच्या दोन माणसांतलं एकच माणूस आपल्याला ऐकू येतं. लिंकनचा पब्लिसिटीवाला लिंकनला फोनवर समजावतोय की दाढी काढू नको रे, आणि भाषणातला आकडा बदललास कशाला. लिंकन काय बोलला ते ऐकूच येत नाही. न्यूहार्ट नुसता "हं" म्हणून थांबतो, आणि त्या थांबण्यात समोरच्या लोकांना लिंकनचं उत्तर आपोआप सुचतं आणि हशा येतो, म्हणजे विनोदाचं अर्धं काम लोकांनी केलेलं असतं. पहिल्या वेळी आपण शब्द पकडण्यात गुंग असतो, त्यातून इंग्रजी आणि तेही साठ वर्षांपूर्वीचं. तिसऱ्या-चौथ्या वेळेपासून मी ते थांबे ऐकायला लागले. कुठला दीड सेकंदाचा, कुठला चांगला तीन सेकंदांचा, आणि तीनवाला किती धीराचा, पहिल्यांदाच स्टेजवर उभ्या राहिलेल्या माणसाने तीन सेकंद गप्प राहायचं म्हणजे काय असेल!

आणि यूट्यूबवर हे मिळत नाही का, तर शब्द मिळतात, पण मी मोबाईलवर ऐकते तेव्हा दोन मिनिटांत भांडी घासायला उठते, पुढचा तुकडा कुठलाही लागतो. एलपीची एक बाजू वीस-बावीस मिनिटांची, ती अख्खी बसून ऐकावी लागते, आणि त्या बाजूचा क्रम कोणीतरी विचार करून लावलेला असतो. कलाकार आधी लोकांना सैल करतो, मग मोठा तुकडा, मग जरा विसावा. तुकडे तोडून ऐकलं की हे जातं.

आता दुसरी एक, माझ्या मते ही प्रत्येकाने एकदा तरी ऐकावी. वॉन मीडरची 'द फर्स्ट फॅमिली', १९६२. मीडर तेव्हाचे अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हुबेहूब नक्कल करायचा, आणि हा अल्बम म्हणजे व्हाइट हाउसमधल्या केनेडी कुटुंबाचे प्रसंग. स्टुडिओत लोक बसवून रेकॉर्डिंग केलं ती तारीख २२ ऑक्टोबर १९६२. त्याच संध्याकाळी खरे केनेडी टीव्हीवर देशाला सांगत होते की क्यूबात रशियाची क्षेपणास्त्रं आली आहेत. कलाकारांना भाषण कळलेलं होतं, समोर बसलेल्या लोकांना नव्हतं. आता हे डोक्यात ठेवून तो हशा ऐका. ती माणसं अगदी मोकळेपणी हसतायत, बाहेर जग अणुयुद्धाच्या तोंडाशी आहे आणि त्यांना घरी गेल्यावर ते कळणार आहे. मला हे वाचून माहीत झाल्यानंतर मी ती परत लावली तेव्हा एकही विनोद ऐकू आला नाही, फक्त लोक ऐकू आले. रेकॉर्ड खपली पंचाहत्तर लाखांच्या घरात, तिलाही अल्बम ऑफ द इयर मिळालं, आणि २२ नोव्हेंबर १९६३ ला केनेडींचा खून झाल्यावर दुकानांतून काढून टाकली. मीडरचं करिअर तिथेच बसलं. पण आधी इतकी खपली होती की अमेरिकेत ती जुन्या बाजारात ढिगाने आणि स्वस्त मिळते, कोणी नातेवाईक तिकडे असेल तर सांगून ठेवा.

म्हणून मी म्हणते की कॉमेडीच्या रेकॉर्डवर एक खोली भरून माणसं असतात, एका विशिष्ट रात्रीची. लेनी ब्रूस या अमेरिकन कॉमेडियनचा कार्नेगी हॉलचा कार्यक्रम ४ फेब्रुवारी १९६१ च्या मध्यरात्रीचा, न्यूयॉर्कात बर्फाचं वादळ, तरी लोक आले, आणि त्या लोकांचा हशा वेगळाच आहे, आपण इथे पोचलो याचा आनंद त्यात ऐकू येतो.

आपल्या गोव्याचंही सांगते, कारण इथे राहून नुसत्या अमेरिकन रेकॉर्ड जमवल्या तर चुकल्यासारखं होईल. तियात्र म्हणजे आपलं कोकणी नाटक, त्यातली कांतारां, म्हणजे गाणी, जुन्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) रेकॉर्डवर आणि नंतर एलपीवर भरपूर आली, आल्फ्रेड रोझ, एम. बॉयर, सी. आल्वारिस, मिंगेल रॉड. कॉमेडी कांतार म्हणजे गाण्यातलं स्टँडअपच म्हणा ना, नवरा-बायको, भाटकार (जमीनदार), बोटीवरून आलेला जावई, राजकारण, कोणालाच सोडत नाहीत. माझं घर मराठी, नाटकं देवळातली बघितलेली, तियात्र मी मोठेपणी पहिल्यांदा बघितला तो कला अकादमीत, आणि त्यानंतर या रेकॉर्ड ऐकल्या तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. स्टुडिओत समोर प्रेक्षक नाहीत, हशा नाही. पण कडवं संपलं की ट्रम्पेट आणि बाकीचा बँड घुसतो ना, ती बरोबर हशाची जागा आहे. थिएटरात त्या वेळी लोक ओरडत असतात, रेकॉर्डवर तिथे फक्त ट्रम्पेट. न्यूहार्ट गप्प बसून जागा करतो, हे बँड घालून जागा करतात. कोकणी येत नसेल तरी महिनाभर पणजीत राहिलात की निम्मं कळेल, आणि तोवर शेजारी कोणा अंकलना बोलावून लावा, ते तुमच्याआधी हसतील.

आता कामाचं. गोव्यात यासाठी दुकान शोधत बसू नका, घरं शोधा. कुटुंबं पोर्तुगालला, इंग्लंडला गेली, जुनी घरं विकायला निघतात आणि रेकॉर्ड भंगारवाल्याकडे जातात. साष्टी आणि बार्देश या तालुक्यांत दोन-तीन भंगारवाल्यांना सांगून ठेवा की गोल काळं काही आलं की फोन कर. मुंबईला गेलात तर चोरबाजार, पण तिथे कॉमेडी म्हटलं की विक्रेते गोंधळतात, 'बोलण्याची रेकॉर्ड' म्हणा. मी एकदा एका विक्रेत्यावर विश्वास ठेवून न बघता पाच मागवल्या, तीन वाकलेल्या आल्या, पिन लाटेवर होडी जावी तशी वरखाली, तेव्हापासून डोळ्यांसमोर धरून बघितल्याशिवाय घेत नाही. परदेशातून मागवायचं तर रेकॉर्डपेक्षा पोस्टेज जास्त होतं, चार-पाच एकत्र मागवा.

बघायचं काय, तर गाण्यांच्या रेकॉर्डपेक्षा इथे चरे जास्त बोचतात कारण गाण्यात वाद्यांखाली खरखर लपते, इथे माणूस गप्प बसतो आणि तिथेच टक्क होतं. म्हणून लाइटखाली तिरकी धरून बघा. आणि अशा रेकॉर्ड पार्ट्यांत वाजलेल्या असतात, आवडता तुकडा परत परत लावायला पिन मध्येच टाकलेली असते, तेव्हा दोन तुकड्यांमधल्या रुंद पट्टीच्या कडेला जास्त ओरखडे दिसतात.

बुरशी मात्र आपली गोव्याची खास. जून ते सप्टेंबर कव्हरं पांढरी पडतात आणि बुरशी खाचांत उतरते. एलपीला डिस्टिल्ड वॉटर, त्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब, मऊ कापडाने खाचांच्या दिशेने गोल गोल, लेबल ओलं होऊ द्यायचं नाही, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने परत पुसून उभी वाळवायची. पण ७८ ची जुनी रेकॉर्ड लाखेची असते, तिला अल्कोहोल कधीही लावू नका, सुतार चपडा लाख स्पिरिटमध्येच विरघळवून पॉलिश करतात ना, तीच लाख ही, खाचाच निघून जातील. ७८ ला पिनही वेगळी लागते, जाड, एलपीची बारीक पिन त्या रुंद खाचेत तळाला जाऊन घासते. आणि पावसात कपड्यांच्या कपाटात आपण बल्ब लावून ठेवतो तसं रेकॉर्डच्या कपाटात करू नका, गरमीने वाकतात. उभ्या ठेवा, बाहेरच्या भिंतीला लागून नको, बस.

मागच्या जुलैत एक झालं ते सांगते. रात्रीचे दहा, पाऊस नुकताच थांबलेला, मी न्यूहार्टची दुसरी बाजू लावली होती, ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या मास्तरचा तुकडा, आणि लाइट गेली. पंखा थांबला, अॅम्प्लिफायर गप्प. पण तबकडी लगेच थांबत नाही, बेल्टची असल्यामुळे फिरत राहते, आणि त्या काळोखात पिनेतूनच आवाज येत होता, स्पीकर नाही काही नाही, डासाएवढा बारीक, ह्यूस्टनचा तो मास्तर बोलतोय, हळूहळू आवाज जड होत चाललाय, आणि मग लोकांचा हशा आला तोही लांबट, खोल, आणि थांबला. मी कान अगदी पिनेजवळ नेला होता. खाचेत खरोखर ती माणसं कोरलेली आहेत हे मला त्या रात्री कानाने कळलं.

सुरुवात न्यूहार्टनेच करा, शिव्या नाहीत, घरच्यांसमोर लावता येते. मग 'द फर्स्ट फॅमिली'. मग जॉर्ज कार्लिन या अमेरिकन कॉमेडियनची १९७२ ची 'क्लास क्लाउन', ती मात्र घरचे झोपल्यावर, शेवटच्या तुकड्यातले सात शब्द स्टेजवर म्हणून त्याला त्याच वर्षी मिल्वॉकीत अटक झाली होती. इंग्लिश लोकांचं आवडत असेल तर माँटी पायथन या विनोदी मंडळींची १९७३ ची 'मॅचिंग टाय अँड हँडकरचीफ' शोधा, तिच्या एका बाजूला दोन वेगवेगळ्या खाचा एकीत एक गुंफलेल्या आहेत, पिन कुठे पडते त्यावर ठरतं कुठला कार्यक्रम ऐकू येणार, स्टँडअप नव्हे पण ही गंमत फोनवर होणारच नाही.

वडिलांच्या टर्नटेबलची पिन आधी बदला, जुनी पिन चांगली रेकॉर्ड एका रात्रीत खराब करते, आणि बेल्ट सैल झाला असेल तर तोही. मडगावच्या त्या माडीवर अजून अर्धी पेटी न उघडलेली आहे, मैत्रिणीची परवानगी मिळाली आहे, चतुर्थी झाली की जाणार आहे. काही दोन-दोन निघालं तर इथेच उत्तराखाली लिहीन, एक तुमची.