पगाराच्या पाच पट कर्ज काढून लंडनला एमएससी इकॉनॉमिक्स करावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २४, इकॉनॉमिक्समध्ये बीए, दोन वर्षं एका कन्सल्टिंग कंपनीत ॲनालिस्ट. हातात दोन ऑफर आहेत. एक लंडनची, एका वर्षाची एमएससी इकॉनॉमिक्स, फी ३५,००० पौंड. दुसरी जर्मनीत बॉन युनिव्हर्सिटीची, दोन वर्षांची, इंग्रजीतून. बचत आहे ती बॉनच्या पहिल्या वर्षाच्या राहण्याखाण्याला पुरेल एवढी. लंडनला जायचं तर आजच्या वार्षिक पगाराच्या पाच पट कर्ज लागतंय, त्यासाठी बाबा घर तारण ठेवायला तयार आहेत आणि वर रिटायरमेंटचे पैसेही मोडतो म्हणतायत. डिपॉझिट भरायला तीन आठवडे उरलेत. आणि शेवटची ओळ, जी खरं तर पहिली हवी होती: "पुढे पीएचडी करायची की पॉलिसीमध्ये नोकरी हे अजून नक्की नाही."

मी तुला 'तू' असंच लिहितोय, लहान आहेस वयाने, चालेल बहुतेक.

आधी लंडनचा आकडा पूर्ण लिहून काढू, कारण तुझ्या मेलमध्ये फक्त फी धरलीये. व्हिसासाठी लंडनमध्ये राहण्याचा खर्च म्हणून महिना १,५२९ पौंड दाखवावे लागतात, ते पण नऊच महिन्यांचे, पण तू तिथे बारा महिने राहणार कारण उन्हाळ्यात डिझर्टेशन असतं, म्हणजे १८,३४८ झाले. एनएचएसचा, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा, हेल्थ सरचार्ज वर्षाला ७७६ आहे आणि एका वर्षाच्या कोर्सला व्हिसा कोर्स संपल्यावर अजून चार महिने चालतो म्हणून दीड वर्षाचा भरावा लागतो, ११६४. बेरीज साडेचोपन्न हजार पौंडांच्या वर जाते, विमान, व्हिसा फी, भाड्याचं डिपॉझिट हे सगळं वेगळं. आणि लंडनमध्ये १,५२९ मध्ये महिना काढणं म्हणजे शेअरिंगमध्ये राहून रोज घरी स्वयंपाक, हेही लक्षात घे.

आता कर्ज. ११ टक्के दर धरू, दहा वर्षांची फेड. कोर्सचे बारा महिने आणि नंतरचे सहा महिने हप्ता नाही, म्हणून लोकांना वाटतं दीड वर्ष फुकट मिळालं. तसं नसतं, व्याज पहिल्या दिवसापासून चढतं आणि दीड वर्षात मूळ कर्जात साडेसोळा टक्के भर पडलेली असते. तुझं कर्ज पाच वर्षांच्या पगाराएवढं, म्हणजे साठ पगार. त्यावर हे व्याज चढवून हप्ता काढला तर तो येतो तुझ्या आजच्या महिन्याच्या पगाराच्या ९६ टक्के. परत आल्यावर पगार दीडपट झाला असं धरलं तरी ६४ टक्के हप्त्यात जाणार. दुप्पट झाला तरी ४८. मी कोणाच्याही हप्त्याला पगाराच्या ४० टक्क्यांच्या वर जाऊ देत नाही, आणि तेही माणूस आईवडिलांच्या घरात राहत असेल तरच.

यावर तू म्हणशील की मी परत येणारच नाही, पौंडात कमवीन आणि पौंडात फेडीन. हे होऊ शकतं, होतंही. पण कर्ज घेताना मी एकच प्रश्न विचारतो: परत यावं लागलं तर घरच्या पगारातून हप्ता झेपेल का? झेपत असेल तर बिनधास्त जा, तिथे नोकरी लागली तर बोनस. झेपत नसेल तर तू शिकायला नाही चाललीस, तू एका देशाच्या व्हिसा धोरणावर घर लावायला चालली आहेस. आणि ते धोरण सध्या कुठल्या दिशेने जातंय ते बघ. ब्रिटनचा ग्रॅज्युएट रूट, म्हणजे डिग्रीनंतर तिथे राहून काम करू देणारा व्हिसा, २०२१ मध्ये सुरू झाला तेव्हा मास्टर्सनंतर दोन वर्षं मिळायची, १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दीडच वर्ष मिळणार. त्यानंतर स्किल्ड वर्कर व्हिसा हवा तर जुलै २०२५ पासून पगाराची साधारण अट ४१,७०० पौंड आहे, नवख्यांना सवलत देऊन ३३,४००. इकॉनॉमिक्सवाल्यांना असे पगार मिळतात, नाही असं नाही, पण कंपनी स्पॉन्सर करायला तयार पाहिजे, आणि मोठ्या कंपन्यांच्या ग्रॅज्युएट भरतीचे अर्ज ऑटममध्येच चालू असतात, म्हणजे तू जेमतेम सामान उघडून पहिल्या प्रॉब्लेम सेटशी झटत असशील तेव्हाच.

आणि इथेच एका वर्षाच्या कोर्सची खरी गोम आहे जी ब्रोशरमध्ये कोणी लिहीत नाही. पीएचडीचं बघ. अमेरिकेतल्या बहुतेक चांगल्या डिपार्टमेंटचे पीएचडी अर्ज डिसेंबरमध्ये बंद होतात. तू सप्टेंबरच्या शेवटी लंडनला पोचणार, डिसेंबरमध्ये तुझ्याकडे ना मार्क असणार ना तुला ओळखणारा एखादा प्रोफेसर, जो दोन ओळी मनापासून लिहील. मग काय, डिग्री घेऊन वर्षभर रिसर्च असिस्टंट म्हणून कुठेतरी काम आणि पुढच्या डिसेंबरला अर्ज. ते वाईट नाही, आजकाल असं प्रीडॉक, म्हणजे पीएचडीआधीचं रिसर्चचं काम, करूनच खूप जण जातात, पण मग एक वर्षाचा कोर्स म्हणून जो वेळ वाचला वाटत होता तो गेला आणि डोक्यावर कर्ज मात्र तसंच.

शिवाय अमेरिकेत इकॉनॉमिक्सच्या पीएचडीला बहुतेक ठिकाणी आधी मास्टर्स लागतच नाही, आणि बऱ्या डिपार्टमेंटमध्ये फी माफ असते, वर टीचिंग किंवा रिसर्च असिस्टंटशिप करून स्टायपेंड मिळतो. पाच-सहा वर्षं जातात, श्रीमंत कोणी होत नाही, पण कर्जही होत नाही. जी गोष्ट करायला युनिव्हर्सिटी स्वतः पैसे देते तिच्या पायरीसाठी बाबांचं घर तारण ठेवणं मला अजिबात पटत नाही. पीएचडीला जाणाऱ्यांना मास्टर्सचा फायदा होतो तो मुख्यतः गणितासाठी, रिअल ॲनालिसिस, लिनिअर अल्जेब्रा, इकॉनोमेट्रिक्स वगैरे, आणि रेकमेंडेशन लेटरसाठी. या दोन्ही गोष्टी दोन वर्षांच्या कोर्समध्ये जास्त नीट होतात.

म्हणून बॉनकडे येऊ. तिथे ट्यूशन फी नाही, सेमिस्टरला तीनशेच्या आसपास युरो भरायचे आणि त्यातच प्रवासाचा पास येतो. (जर्मनीत सगळीकडे असं नाही, बाडेन-व्युर्टेनबर्ग राज्यात, म्हणजे मानहाइम, हायडेलबर्गला, युरोपियन युनियनबाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात, आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही (टीयूएम) आता फी लावलीये.) व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो टाकावे लागतात, त्यातले महिन्याला ९९२ तुला मिळत राहतात. हे पैसे तुझेच, कुठे जात नाहीत, फक्त एकदम काढता येत नाहीत. हेल्थ इन्शुरन्स महिना दीडशेच्या घरात जातो, रूम लवकर मिळाली नाही तर ९९२ मध्ये ओढाताण होते, म्हणून मी महिना १,१०० धरतो. दोन वर्षांचे साधारण २७,७०० युरो. तुझी बचत ब्लॉक्ड अकाउंटला गेली की उरतात पंधरा-सोळा हजार युरो, तुझ्या वार्षिक पगाराच्या दीड पट. हे कर्ज दुसऱ्या वर्षी घेतलंस तर हप्ता आजच्या पगाराच्या तीस टक्क्यांच्या आसपास बसतो. पगार अजिबात नाही वाढला तरी झेपतो. घर तारण ठेवायची गरज बहुतेक पडणार नाही, पडलीच तर मला आधी विचार.

पार्टटाइम कामही करता येतं, वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस, आणि किमान वेतन २०२६ पासून तासाला १३.९० युरो आहे. पण हे उत्पन्न मी हिशोबात धरलेलं नाही आणि तूही धरू नकोस. पहिल्या सेमिस्टरला मायक्रो आणि इकॉनोमेट्रिक्स एकत्र अंगावर येतात, तेव्हा कॅफेत शिफ्ट करणारी मुलं जानेवारीत रडतात. दुसऱ्या वर्षी डिपार्टमेंटमध्येच असिस्टंटचं काम मिळालं तर घे, त्यातून पैसे कमी पण प्रोफेसरची ओळख होते.

आता जर्मनीच्या विरोधातला हिशोब, नाहीतर म्हणशील एकतर्फी लिहिलं. दोन वर्षं म्हणजे पगार बुडालेलं एक वर्ष जास्त. ते खर्चात धरलंच पाहिजे. दीड पट कर्ज अधिक एक वर्षाचा पगार, अडीच पट. लंडनच्या पाच पटीच्या तरी निम्मंच आहे. दुसरं, भाषा. कोर्स इंग्रजीत आहे पण नोकरी बऱ्याच ठिकाणी नाही, डिग्रीनंतर नोकरी शोधायला अठरा महिने मिळतात आणि त्या अठरा महिन्यांत जर्मन शिकायला सुरुवात करणारे फसतात, सुरुवात पहिल्या महिन्यात करायची. तिसरं, तू लिहिलंयस की फ्रँकफर्टला युरोपियन सेंट्रल बँक आहे म्हणजे संधी आहेत. ईसीबी साधारण युरोपियन युनियनच्या नागरिकांनाच घेते, त्यामुळे ते डोक्यातून काढ. आणि लंडनच्या नावाला वजन आहे हे मान्य, कन्सल्टिंग आणि फायनान्सवाले ते नाव ओळखतात. बॉनचं नाव इकॉनॉमिक्सच्या बाहेर कमी लोकांना माहीत असतं, आतल्या लोकांना मात्र नीट माहीत असतं, १९९४ चं नोबेल मिळवणारे राइनहार्ड सेल्टेन तिथलेच.

अमेरिकन मास्टर्सबद्दल एका ओळीत विचारलंस, एका ओळीत उत्तर: स्वतःच्या पैशाने नको. तरी कधी बघितलंसच तर प्रोग्रॅमचा सीआयपी कोड, म्हणजे विषयाचा सरकारी वर्गीकरण क्रमांक, आधी विचार. ४५.०६०३, म्हणजे इकॉनोमेट्रिक्स अँड क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्स, असेल तर स्टेममध्ये (विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताच्या गटात) मोडतं आणि ओपीटीचे, म्हणजे डिग्रीनंतर तिथे काम करायच्या परवानगीचे, बारा महिने अधिक चोवीस मिळतात. ४५.०६०१, साधं इकॉनॉमिक्स, असेल तर बाराच. विषय तोच, वर्गही कदाचित तोच, कागदावरच्या एका आकड्याने दोन वर्षांची कमाई इकडची तिकडे होते.

लंडनच पाहिजे असेल, मनातून निघतच नसेल, तर दुसऱ्याच्या पैशाने जा. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग स्कॉलरशिप ब्रिटनमधली एक वर्षाची मास्टर्स पूर्ण खर्चासकट देते, अट दोन वर्षांच्या अनुभवाची, २,८०० तास, जी तुझी आत्ता पूर्ण होतेय. बदल्यात दोन वर्षं मायदेशी परत यावं लागतं, पण तुझ्यावर कर्जच नसेल तर परत येण्यात दुखणारं काही नाही. तसंच युरोपियन युनियनच्या इरास्मस मुंडुस योजनेचे जॉइंट मास्टर्स आहेत, त्यात क्यूईएम नावाचा क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्सचा प्रोग्रॅम तुझ्यासारख्यांसाठीच आहे, स्कॉलरशिप मिळाली तर फी नाही आणि महिना १,४०० युरो हातात. स्पर्धा दोन्हीकडे भयंकर आहे. पण अर्ज करायला घर तारण ठेवावं लागत नाही.

बाबांच्या पैशाबद्दल थोडं स्पष्ट बोलतो, राग मानू नकोस. शिक्षणाला कर्ज मिळतं, म्हातारपणाला कोणी देत नाही. ते स्वतःहून देतायत म्हणून घ्यायचे असं नसतं, ते नाही म्हणू शकत नाहीत म्हणून तुला नाही म्हणावं लागेल. फार तर दुसऱ्या वर्षाच्या कर्जाचं व्याज त्यांनी महिन्याच्या महिन्याला भरावं, म्हणजे मुद्दल फुगत नाही आणि त्यांची गंगाजळीही शाबूत राहते.

अजून एक, चलनाचं. कर्ज घरच्या चलनात मंजूर होतं, खर्च पौंडात किंवा युरोत. मंजुरी आणि शेवटचा हप्ता यांच्यात वर्ष जातं, तेवढ्यात दर सात-आठ टक्के हलणं काही विशेष नाही. मंजुरी दहा टक्के जास्तीची घे, उचलू नको लागली नाही तर.

आता या तीन आठवड्यांत काय करायचं. लंडनला डिपॉझिट भरू नकोस, बहुतेक ठिकाणी व्हिसा नाकारला तरच ते परत मिळतं. त्याऐवजी ॲडमिशन ऑफिसला आजच मेल टाक: ऑफर पुढच्या वर्षावर ढकलता येईल का, आणि काही फी सवलत अजून शिल्लक आहे का. हो म्हणाले तर चेव्हनिंगचा अर्ज करेपर्यंत ती ऑफर हातात राहील. बॉनला होकार कळव आणि व्हिसाच्या अपॉइंटमेंटला ताबडतोब लाग, तिथे उशीर झाला तर ऑक्टोबरची सुरुवात हुकते. आणि नोकरीचा राजीनामा व्हिसा हातात येईपर्यंत अजिबात नाही.

मधल्या महिन्यांत एमआयटीच्या डेटा, इकॉनॉमिक्स अँड डिझाइन ऑफ पॉलिसी या ऑनलाइन मायक्रोमास्टर्समधला एखादा कोर्स परीक्षेसकट करून बघ. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्या टीमचा आहे, फी उत्पन्न बघून ठरते. मायक्रोइकॉनॉमिक्सचा घेतलास आणि त्याचे प्रॉब्लेम सेट रात्री अकरा वाजता, ऑफिसनंतर, करावेसे वाटले तर पीएचडीचा विचार पुढे ने. कंटाळा आला तर पॉलिसीची नोकरी धर, आणि बॉनला गेल्यावर ॲप्लाइड विषय घे, थिअरीच्या मागे लागू नकोस. लंडनचं उत्तर आलं की मला कळव, ढकलायला हो म्हणाले तर त्यांची अंतिम तारीख आणि अटी जशाच्या तशा पाठव.