आधी माप, मग मग!

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरात दोघंच, रोज सकाळी फेटलेली इन्स्टंट कॉफी, रविवारी फिल्टर कॉफी, त्यात आता नवऱ्याने तीन कपांचा मोका पॉट, म्हणजे गॅसवर ठेवून कॉफी करायचं इटालियन भांडं, आणलाय. तर सहा मगांचा तो निळा सेट घ्यावा का, सगळं एकाच मगात भागणार नाही का?

भागेल की. पण सेट घेऊ नका. मी आजवर तीन सेट घेतले. आज रोज हाताशी येतात ते सगळे सुटे घेतलेले मग.

दुकानात जायच्या आधी एक करा. घरातला आवडता कप वजनकाट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा आणि कप काठोकाठ पाण्याने भरा. जितके ग्रॅम, तितके मिली. वाढदिवसाला मिळतो तो फोटोवाला सरळसोट मग साधारण 325 मिलीचा असतो. आपण दुधाची कॉफी पितो जेमतेम दीडशे मिली. म्हणजे अर्धा मग रिकामा, आणि त्याच्या जाड, गार भिंती कॉफीची उष्णता ओढून घेतात. साडेतीनशे ग्रॅमच्या मगात दीडशे मिली गरम कॉफी ओतली, की ती दहा-पंधरा अंशांनी सहज उतरते. मग लोक म्हणतात, कॉफी गार झाली. कॉफी नाही हो, मग गार होता! आधी उकळतं पाणी घालून मिनिटभर ठेवा, ओतून द्या, मग कॉफी घाला.

फेटलेल्या कॉफीला मगाच्या पोटाचा आकार महत्त्वाचा. तळाशी काटकोन असला की साखर-कॉफीचा गोळा कोपऱ्यात बसतो आणि चमचा तिथवर पोचत नाही. बूड आतून वाटीसारखं गोल हवं, तोंड जरा रुंद. कॅपुचिनोचे 150 ते 180 मिलीचे कप असेच असतात, तिथे दूध ओतताना ते गोल फिरून कॉफीत मिसळावं म्हणून. आपल्याला ते आयते फेटायला उपयोगी. चमच्याने आत करड्या रेघा उठतील. घाबरू नका, तडे नसतात ते, स्टीलचा अंश चिनी मातीच्या झिलईवर उमटतो. खायच्या सोड्याची पेस्ट लावून चोळलं की जातात. लाटे, म्हणजे भरपूर दुधाची कॉफी, तिचे मोठे मग 250 ते 350 मिलीचे. तेवढं दूध पीत नसाल तर त्यांच्या नादी लागू नका.

मोका पॉटमधले 'तीन कप' म्हणजे इटालियन पद्धतीचे इवलेसे कप. तीन मिळून कॉफी निघते दीडशे मिलीच्या आसपास. ती मोठ्या मगात ओतली तर तळाला दिसते आणि वाटतं, भांडंच बिघडलंय. तिच्यासाठी 60 ते 90 मिलीचे, जाड भिंतीचे छोटे कप घ्या, एस्प्रेसोला वापरतात तेच. बशीसकट मिळाले तर उत्तम. पुरणपोळीच्या जेवणानंतर जायफळ घातलेली कॉफी द्यायला आमच्याकडे तेच निघतात, आणि सासरे ती बशीत ओतूनच पितात.

रविवारच्या फिल्टर कॉफीला मात्र मग नकोच. माटुंग्याला मिळते तशी प्यायची तर डबरा-टंबलर, म्हणजे खोलगट वाटी आणि तिच्यातला पेला, आणा, स्टीलचा किंवा पितळी. टंबलरची कड बाहेर वळवलेली असते. अंग चटका देणारं तापलं तरी कडेला धरून उचलता येतं आणि ओठ न लावता वरून पिता येतं. डबऱ्यात वरून ओतायची, परत टंबलरमध्ये घ्यायची, की साखर विरघळते, फेस येतो, कॉफी पिण्याइतकी निवते. पितळी घेतलात तर आतून कल्हई आहे ना, ते बघा.

दुहेरी भिंतीचे काचेचे मग दिसायला देखणे, बाहेरून हात भाजत नाही. पण आतली काच पातळ असते, स्टीलच्या चमच्याने फेटायचं काम त्यात करू नका. तामचिनीचा मग ट्रेकला झकास, थेट चुलीवर ठेवता येतो. फक्त काठ ओठाला चांगलाच भाजतो आणि टवका उडाला की तिथे गंज धरतो. झाकणाचा थर्मास मग ऑफिसला न्यायचा असेल तर झाकणातली रबराची रिंग रोज काढून धुवा. दुधाचा आंबूस वास तिथेच दडतो.

मायक्रोवेव्हमध्ये फिरवायची सवय असेल तर सोनेरी काठाचं काही घेऊ नका. माझ्याकडे एक होता, नक्षीदार. दूध गरम करायला ठेवला आणि दहा सेकंदांत काठावर तडतड ठिणग्या. सोनेरी पट्टा काळा पडला, आता त्यात पेनं असतात.

आणि कान! दुकानात मग रिकामा उचलून बघतात, तो हलकाच लागतो. तीन बोटं आत जाऊन बोटांची पेरं मगाला टेकत नाहीत ना, ते बघा. कान सुटला तर चिकटवून पुन्हा कॉफीला वापरू नका. मी वापरला होता. आठवडाभर टिकला, मग एका सकाळी कान माझ्या हातात आणि कॉफी मांडीवर.

तुमच्या घरी मी गोल बुडाचे साधारण 180 मिलीचे दोन, छोटे बशीवाले चार आणि डबरा-टंबलरची एक जोडी ठेवली असती. पाहुणे जास्त आले तर स्टीलची फुलपात्रं आहेतच. निळा रंगच हवा असेल तर त्यातले दोनच सुटे देतात का, विचारून बघा, बरेचदा देतात.