हिवाळा संपला, ऊन आलं, मग मलाच बरं का वाटत नाहीये?

मार्च-एप्रिल आला की परदेशातल्या मराठी आईबाबांचे एका ठरावीक प्रकारचे मेसेज समुपदेशक म्हणून मला यायला लागतात, कॅनडा, अमेरिकेचा वरचा भाग, स्वीडन, स्कॉटलंड, कुठूनही. म्हणणं साधारण एकच असतं, की हिवाळा कसाबसा काढला, आता ऊन यायला लागलंय, आजूबाजूचे सगळे खूश आहेत, मुलं बाहेर पळायला बघतायत आणि मलाच काही उत्साह येत नाहीये, माझं काही बिघडलंय का? आणि त्याच्या पाठोपाठ दुसरी चिंता, हिवाळाभर पोराला घरात कोंडलं, टॅब हातात दिला, त्याचं नुकसान तर नाही ना झालं?

यातलीच एक केस सांगते. संबंधित बाबांना विचारून, आणि ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून.

हे बाबा कॅनडातल्या विनिपेगचे. मूळ गाव सांगलीकडचं. आयटीतला जॉब, घरूनच काम. बायको हॉस्पिटलमध्ये नर्स, बऱ्याचदा नाइट ड्युटी, म्हणजे ती दिवसा झोपणार आणि साडेतीन वर्षांची लेक दिवसभर बाबांकडे. तिकडे जाऊन त्यांचा हा दुसरा हिवाळा. पहिला नव्याच्या नवलाईत गेला, बर्फाचे फोटो, गोठलेल्या नदीवर स्केटिंग, सगळं मस्त वाटलं. दुसऱ्याने मात्र त्यांना पार लोळवलं.

पहिल्या सेशनला ते व्हिडिओवर आले तेच एक लांबलचक यादी घेऊन. ऊन आल्यावर लेकीबरोबर काय काय करायचं त्याची यादी, सायकल शिकवायची, स्विमिंगचा क्लास, असिनिबॉइन पार्क, झू, फार्मवर जायचं, भाज्या लावायच्या, दर शनिवारी पिकनिक. मला वाचून दाखवली आणि म्हणाले, "मॅडम, डिसेंबरपासून मी ह्याची वाट बघत होतो. आता बर्फ वितळतोय आणि मला सोफ्यावरून उठवत नाही. ती बूट घेऊन दारात उभी राहते आणि मी तिच्यावर खेकसतो. असा कसा बाप मी?"

आता इथे जरा थांबून विनिपेगचा हिवाळा काय असतो ते समजून घ्यायला हवं, कारण इकडे बसलेल्या आपल्या घरच्यांना त्याची कल्पनाच नसते. जानेवारीत पारा उणे 30 ला जाणं तिकडे नेहमीचं, रात्री गाडीचं इंजिन गोठू नये म्हणून गाडी प्लगला लावतात. पण थंडीपेक्षा मोठा प्रश्न उजेडाचा. 21 डिसेंबरच्या सुमाराला तिकडे दिवस जेमतेम आठ तासांचा असतो, पुण्यात त्याच दिवशी अकरा तास. सकाळी साडेआठच्या आसपास उजाडतं, दुपारी साडेचारला अंधार. घरून काम करणारा माणूस त्या आठ तासांत खिडकीकडे पाठ करून मीटिंगमध्ये असतो. म्हणजे महिनोन् महिने अंगावर उजेड पडतच नाही म्हटलं तरी चालेल.

ह्याचा शरीरावर होणारा परिणाम मनाचे खेळ म्हणून सोडून देण्यासारखा नाही. 1984 मध्ये मानसोपचार तज्ज्ञ नॉर्मन रोझेंथल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत 'सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर', म्हणजे ठरावीक ऋतूत, बहुधा हिवाळ्यात, येणारं डिप्रेशन, हा आजार मांडला. रोझेंथल स्वतः साउथ आफ्रिकेतून, भरपूर उन्हाच्या देशातून न्यूयॉर्कला गेलेले आणि तिथल्या हिवाळ्यात आपल्यात होणारा बदल त्यांनी स्वतःवर अनुभवलेला. मला ही गोष्ट क्लायंटला सांगायला आवडते, कारण आपल्याकडून गेलेल्या माणसाला वाटत असतं की इथल्या लोकांना जमतं, मलाच जमत नाही. ह्या प्रकारात लक्षणंही जरा वेगळी असतात, झोप उडण्याऐवजी वाढते, भात-ब्रेड-गोड खावंसं वाटतं, वजन चढतं, हातपाय शिशासारखे जड होतात आणि चिडचिड. बाबांना हे विचारत गेले तर ते प्रत्येकाला मान हलवत गेले. पुरुषांमध्ये रडण्याऐवजी ही चिडचिडच पुढे येते बऱ्याचदा, त्यामुळे घरच्यांना वाटतं माणूस तिरसट झालाय, तो आजारी आहे हे कोणाच्या डोक्यातच येत नाही.

मग ऊन आल्यावर लगेच बरं का वाटलं नाही? कारण शरीराला सावरायला आठवडे लागतात. मार्चमध्ये तिकडे दिवस रोज साडेतीन मिनिटांच्या आसपास वाढतो, पण माणूस घरातच बसला तर त्या वाढीव उजेडाचा उपयोग काय? घरातल्या दिव्याचा उजेड साधारण 100 ते 500 लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आणि बाहेर ढगाळ दिवशीसुद्धा त्याच्या कित्येक पट. आणि त्यात तिकडचा वसंत म्हणजे आपला वसंत नव्हे. आपल्याकडे पाडव्याला आंब्याला कैऱ्या लटकत असतात, पळस फुललेला असतो. विनिपेगला त्याच दिवशी रस्त्याकडेला मातकट बर्फाचे ढिगारे, हिवाळाभर टाकलेली वाळू सगळीकडे उघडी पडलेली, आणि बातम्यांमध्ये रेड नदीच्या पुराचा अंदाज, कारण 1997 चा पूर लोक अजून विसरलेले नाहीत. फॅमिली ग्रुपवर गुढीचे, श्रीखंडपुरीचे फोटो येत होते आणि बाबांनी उणे 10 मध्ये बाल्कनीत गुढी उभारली. म्हणाले, "काठी धरली तर बोटं बधिर झाली. आणि आई फोनवर विचारते, काय रे, आता तरी उन्हाळा लागला ना तुमच्याकडे?" एवढं बोलून गप्प झाले.

त्या गप्प होण्यावर मी त्यांना सरळ विचारलं, की मरावंसं वाटतं का, जीव द्यायचे विचार येतात का. हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारते आणि वसंतात तर आवर्जून, कारण बऱ्याच देशांत आत्महत्यांचं प्रमाण हिवाळ्यापेक्षा वसंतात जास्त दिसतं हे फार जुनं निरीक्षण आहे. विचारल्याने डोक्यात तो विचार शिरतो ही भीती चुकीची आहे, उलट माणूस मोकळा होतो. त्यांचं उत्तर नाही असं होतं, "कंटाळा आलाय, पण तसं नाही." तरी मी त्यांच्याकडून कॅनडाचा 988 हा हेल्पलाइन नंबर फोनमध्ये सेव्ह करून घेतला. इकडे भारतात असाल तर टेलिमानस, 14416.

दुसरं, त्यांना फॅमिली डॉक्टरकडे पाठवलं. मी समुपदेशक आहे, निदान करणं आणि औषध देणं डॉक्टरांचं काम. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-12, डी व्हिटॅमिन बघून घ्या म्हटलं, कारण आपण शाकाहारी मंडळी बी-12 मध्ये हमखास मार खातो आणि विनिपेगच्या हिवाळी उन्हात त्वचेला डी व्हिटॅमिन जवळजवळ बनवताच येत नाही. त्यांचं बी-12 बरंच कमी निघालं. म्हणजे थकव्यातला एक वाटा हिवाळ्याचा नव्हताच, त्याला गोळी-इंजेक्शन लागणारच होतं, ते मी कितीही बोलले असते तरी भरून आलं नसतं.

आणि ती यादी. ती मी त्यांना बाजूला ठेवायला सांगितली. फाडू नका, मे-जूनमध्ये काढा. कारण ती यादी लेकीसाठी नव्हती, ती हिवाळ्याची भरपाई होती. पाच महिन्यांचं राहिलेलं सगळं आता पाच आठवड्यांत द्यायचं असं डोक्यात घेऊन बसलं की पहिलंच पाऊल एवढं मोठं होतं की उचलतच नाही. त्याऐवजी एकच गोष्ट ठरवली, सकाळी बायको ड्युटीवरून आली की तिला चहा द्यायचा आणि कामाला बसायच्या आधी लेकीला घेऊन अर्धा तास बाहेर, कुठे जायचं नाही, बिल्डिंगखालीच.

टॅबचं बोलायचं तर मी त्यांना "काही होत नाही हो" असं म्हटलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचनेत तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास स्क्रीन सांगितलाय आणि ही पोरगी तीन तास बघत होती, तेव्हा जास्त होतं हे जास्तच होतं. पण मग मी विचारलं, बाकीच्या वेळात काय करायचात दोघं? तर हळूहळू निघायला लागलं. ती त्यांच्याबरोबर पोळ्या लाटायची. खिडकीच्या काचेवर आतून बर्फाची नक्षी धरायची त्यावर बोटाने अक्षरं काढायची, 'अ' आणि 'आ' तिथे शिकली. रात्री चिऊ-काऊची गोष्ट बाबाच सांगायचे, रोज तीच, आणि एक शब्द बदलला तर ती ओरडायची. साडेतीन वर्षांच्या मुलीची मराठी त्या पाच महिन्यांत केवढी पक्की झाली होती, मला व्हिडिओवर ती "तुमच्याकडे बर्फ आहे का हो?" असं विचारून गेली. थकलेल्या बापाने एवढं दिलं होतं आणि त्याच्या हिशोबात फक्त टॅब राहिला होता. टॅब कमी करायला त्यांना वेगळी शिस्त लावावीच लागली नाही, सकाळ बाहेर जायला लागली तशी दुपारी ती आपोआप झोपायला लागली आणि एक तास तिथेच गेला.

पुढच्या सेशनला त्यांनी जे सांगितलं ते मला अजून आठवतं. एप्रिलमध्ये तिकडे दिवसा बर्फ वितळतो, रात्री पारा परत शून्याखाली जातो, त्यामुळे सकाळी प्रत्येक डबक्यावर बर्फाचा पातळ पापुद्रा असतो. लेकीने गमबूट घातले, पहिल्याच डबक्यापाशी थांबली आणि म्हणाली, "बाबा, पापड! मोडू?" आणि टाचेने कडकड मोडायला लागली. एक झालं की दुसरं. बाबा आधी फोन बघत उभे होते, मग थंडी वाजायला लागली म्हणून पाय आपटले, तर त्यांच्याही पायाखाली पापड मोडला. तिला इतकं हसू आलं. मग दोघं मिळून पार्किंगमधले सगळे पापड मोडून आले, वर हंसांचे थवे कलकलाट करत उत्तरेकडे चाललेले, कपडे चिखलाने भरलेले. "मला काही खूप आनंद वगैरे झाला नाही मॅडम," ते म्हणाले, "पण त्या दिवशी तिच्यावर ओरडलो नाही." मी म्हटलं, हेच तर हवंय आपल्याला सध्या.

मी त्यांना एक वही ठेवायला सांगितली होती, रोज तीनच नोंदी, किती तास झोपलो, किती मिनिटं बाहेर होतो, किती वेळा खेकसलो. ह्या वहीचा उपयोग झाला तो एप्रिलच्या शेवटी. तिकडे एप्रिलमध्ये, कधी कधी मेमध्येही, पुन्हा बर्फ पडतो, तसा एका रात्रीत दणकून पडला आणि सकाळी मला मेसेज, "सगळं परत शून्यावर." दोन दिवस घराबाहेर पडले नव्हते. पुढच्या कॉलला वही उघडायला लावली. मार्चमध्ये दहा-अकरा तास झोप, आता आठ. ओरडणं दिवसातून पाच-सहा वेळांवरून आठवड्यातून दोन-तीनदा. स्वतःच वाचलं आणि स्वतःच म्हणाले, "शून्यावर नाहीये." वाईट दिवस आला की मागचे सगळे दिवस वाईटच वाटायला लागतात, तेव्हा आपल्याच अक्षरात लिहिलेलं समोर असलं की वाद घालता येत नाही.

आणखी एक अडचण मे उजाडताना सगळ्याच घरांत येते, मुलं झोपत नाहीत. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडे घड्याळं एक तास पुढे जातात, आमच्या सेशनचीसुद्धा इकडची साडेआठची वेळ साडेसातवर आली. एप्रिलअखेर सूर्य मावळतो साडेआठनंतर आणि जूनमध्ये पावणेदहाच्या आसपास. लेकीचं म्हणणं बरोबरच होतं, "उजेड आहे, मग झोपायचं कशाला?" उजेडात झोपेचं हार्मोन, मेलाटोनिन, दबलेलं राहतं. गडद ब्लॅकआउट पडदे लावले, आंघोळ-दूध-गोष्ट हा क्रम ठरलेल्या वेळीच ठेवला आणि झोपायची वेळ एकदम न ओढता रोज पंधरा मिनिटांनी अलीकडे आणली. तेच पडदे दिवसा झोपणाऱ्या आईच्या पण कामी आले.

कोणी ह्यातून जात असेल तर दोन गोष्टी नक्की बघा. मे संपत आला, बाहेर रोज जाताय, तपासण्या झाल्यात आणि तरी मन उठत नाही, तर तो फक्त हिवाळा नाही, डॉक्टरांशी परत बोला, थांबू नका. आणि उलटंही होतं, ऊन आलं आणि माणूस एकदम सुसाटच सुटला, तीन-चार तास झोप पुरतेय, बोलणं थांबत नाही, वाटेल तशी खरेदी चाललीय, तर घरच्यांनी त्याला "किती छान, आला परत रंगात" म्हणून सोडून देऊ नये, मानसोपचार तज्ज्ञाला दाखवावं.

पुढच्या हिवाळ्याचं आम्ही मेमध्येच ठरवून टाकलं, कारण नोव्हेंबरमध्ये ठरवायला अंगात बळ नसतं. सप्टेंबरअखेर डॉक्टरांना विचारून लाइट बॉक्स, 10,000 लक्सचा, सकाळी उठल्या उठल्या वीस ते तीस मिनिटं समोर ठेवून बसायचं. डोळ्यांचा काही आजार असेल किंवा बायपोलर, म्हणजे कधी खूप उदास तर कधी वर सांगितल्यासारखं सुसाट होण्याचा आजार, असेल तर विचारल्याशिवाय अजिबात नाही. कामाचं टेबल खिडकीसमोर आणायचं. लेकीला आठवड्यातून तीन दिवस डेकेअर, म्हणजे सगळा भार एकट्यावर नको. बायकोचं म्हणणं होतं की तिलाही ह्या बोलण्यात घ्या, रात्री काम करून दिवसा झोपणाऱ्या माणसाला उजेड कुठे मिळतो, तर आता जूनपासून दोघं एकत्र येतायत. मागच्या कॉलला बाबांनी कॅमेऱ्यासमोर लेकीची नवी स्नो पँट धरून दाखवली, एक साइज मोठी, सीझन संपतानाच्या सेलमध्ये निम्म्या किमतीत मिळाली म्हणून घेऊन ठेवलीय म्हणे.